नवख्याने दुसरा प्रश्न विचारावा म्हणून

रात्री साडेअकराला प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येतो. लॅपटॉपच्या काळ्या पडद्याचा, तिरका काढलेला, मधोमध ट्यूबलाइटची पांढरी पट्टी. खाली एकच ओळ: "सर पायथन चालत नाही प्लीज हेल्प." (पायथन म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा.) पाच मिनिटांत तीन उत्तरं पडतात. पहिलं, "गूगल कर की बे." दुसरं, नुसती एक लिंक. तिसरं, कपाळावर हात मारलेला इमोजी. विचारणारा "ओके सर" लिहितो आणि त्यानंतर त्या ग्रुपवर कधीच काही विचारत नाही.

जाणकारांना वाटतं, चला, मिटला प्रश्न. मला वाटतं, तिथेच बिघडलं. नवख्याशी सौजन्याने वागायचं म्हणजे गोड बोलायचं किंवा हात जोडलेले इमोजी टाकायचे, असं नाही. त्याची कसोटी मी एकच मानतो: उत्तर मिळाल्यावर त्या माणसाने पुढे कधी दुसरा प्रश्न विचारला का? पहिला प्रश्न कोणीही अडल्यावर विचारतो. दुसरा तिथेच विचारला जातो, जिथे पहिल्या वेळी चारचौघांत फजिती झाली नव्हती. प्रश्न कसा विचारावा यावर नवख्यांना उपदेश भरपूर मिळतो. हा लेख उत्तर देणाऱ्यांसाठी आणि ॲडमिनसाठी आहे.

समोर कोण आहे, याचा अंदाज घ्या

सोलापुरातल्या एखाद्या तांत्रिक ग्रुपची यादी उघडून बघा. बीएस्सी ईसीएसची (संगणकशास्त्राची) पहिल्या वर्षाची पोरं, पॉलिटेक्निकवाले, एमएस-सीआयटी करून दुकानाचा हिशेब एक्सेलवर घेतलेला कोणी, नोकरीसाठी कधीकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलेले आणि आता हिंजवडीत बसून उत्तरं देणारे सीनियर. पूर्व भागातल्या मुलाच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्या मुलीच्या घरी कन्नड, शाळा मराठीत आणि एरर मात्र इंग्रजीत. वडील यंत्रमागावर किंवा एमआयडीसीत, आई विड्या वळणारी, आणि घरात कोड लिहिणारं हे पहिलंच माणूस, अशी घरं इथे कमी नाहीत. शेजारी विचारायला कोणी नाही, म्हणून तर तो ग्रुपवर आलाय.

फोटो तिरका का येतो, त्यालाही कारण असतं. कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर अनेकदा व्हॉट्सॲप उघडता येत नाही, कधी इंटरनेटच नसतं. मग मोबाइलने फोटो काढण्याखेरीज पोरगं काय करणार? "साधा स्क्रीनशॉट घेता येत नाही का" असं लिहिण्याआधी एवढा विचार करायला हरकत नाही.

"चालत नाही" याचे तुकडे करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढचं सगळं यावरच ठरतं.

"पायथन चालत नाही" याचे निदान चार अर्थ होतात. पायथन संगणकात बसलेलंच नाही. बसलंय, पण कमांड प्रॉम्प्टला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीला, सापडत नाही. सापडतंय, पण कोड मध्येच एरर देऊन थांबतो. किंवा कोड शेवटपर्यंत चालतो आणि उत्तर चुकीचं येतं. तुमच्या डोक्यात हे चार वेगळे आजार आहेत. नवख्याच्या लेखी तो एकच: चालत नाही. त्याला माहिती कमी आहेच, पण ती मागायला लागणारे शब्दही अजून त्याच्याकडे नाहीत. ते शब्द त्याला देणं हेच तुमचं पहिलं काम.

विंडोजवर दुसरा प्रकार हमखास भेटतो. इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीच्या तळाशी 'पाथ'मध्ये, म्हणजे विंडोज जिथे प्रोग्राम शोधते त्या जागांच्या यादीत, पायथन जोडण्याचा एक चौकोन असतो. त्यावर टिक करायची राहते. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पायथन असं टाइप केलं, की अशी कमांडच नाही असं उत्तर येतं. विंडोज १० आणि ११ वर तर कधी थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. आपण प्रोग्राम चालवायला गेलो आणि दुकान का उघडलं, हे नवख्याने कशावरून ओळखायचं?

म्हणून पहिलं उत्तर साधारण असं लिहा:

"फोटो मिळाला. इन्स्टॉलपर्यंत आलात, बरंच काम झालंय. आता एकच सांगा: पायथन लिहून एंटर दाबल्यावर त्याच काळ्या खिडकीत एखादी ओळ येते, की दुसरीच खिडकी उघडते? ओळ येत असेल तर ती जशीच्या तशी इथे टाइप करा."

यात तीन गोष्टी आहेत. प्रश्न कोणीतरी वाचलाय हे कळलं. त्याने आतापर्यंत केलेलं काम वाया गेलेलं नाही हे कळलं. आणि पुढे काय करायचं ते एकच, त्याला जमेल असं, सांगितलं. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन नुसत्या तोंडदेखल्या ठरतात.

प्रश्न उलट विचाराल तेव्हा एका वेळी एकच विचारा. ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, व्हर्जन कोणतं, बत्तीस बिट की चौसष्ट, आधी काही टाकलं होतं का, अँटिव्हायरस आहे का, अशी सरबत्ती केली की नवख्याला पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बसवल्यासारखं होतं. त्यातल्या तीन प्रश्नांचा अर्थच त्याला कळत नाही आणि तो गप्प होतो. व्हर्जन हवं असेल तर ते कुठे दिसतं तेही सांगा.

एरर वाचायलाही याच वेळी शिकवता येतं. पायथनमध्ये लांबलचक लाल मजकूर आला तर आधी सर्वांत शेवटची ओळ वाचायची, चूक कोणती ते तिथे लिहिलेलं असतं. जावा या दुसऱ्या भाषेत सहसा उलट: वरची पहिली ओळ बघायची, मग खाली 'कॉज्ड बाय' कुठे आलंय ते शोधायचं. एवढं एकदा सांगितलं, तर पुढच्या वेळी फोटोऐवजी नेमकी ओळ येते.

कोड मागवताना एक खबरदारी. व्हॉट्सॲपवर दोन फुल्यांमधला (*) मजकूर ठळक होतो आणि दोन अंडरस्कोअरमधला (_) तिरका. त्यामुळे कोड तसाच चिकटवला तर काही वेळा गुणाकाराच्या फुल्या किंवा अंडरस्कोअर गायब होतात. मग तुम्ही नसलेली चूक शोधत बसता आणि नवखा म्हणतो, "सर, माझ्याकडे तर बरोबर आहे." कोडच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (`) टाकायला सांगा. त्याहून बरं म्हणजे फाइलच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

हाक कशी मारायची

अनोळखी माणसाला "तुम्ही" म्हणा. तो पहिल्या वर्षाचा आहे हे कळल्यावर, त्याने स्वतःहून "मला अरे-तुरे करा" म्हटलं तर तसं करा. सोलापुरात "मालक", "अण्णा", "अक्का", "दादा" सगळं चालतं आणि कानाला गोड लागतं. "बे"चं मात्र जपून. सात रस्त्यावर मित्राच्या तोंडून आलेल्या "का बे" मध्ये जी माया असते ती आवाजात असते. टाइप केलेल्या "बे" ला आवाज नसतो, आणि वाचणारी मुलगी असेल, किंवा कोणी पन्नाशीचे हिशेबनीस असतील, तर तो शब्द तसाच खटकतो. आणखी एक: नावावरून कळत नसेल तर "सर" किंवा "भाऊ" गृहीत धरू नका. पाच मुली गप्प वाचत असलेल्या ग्रुपमध्ये प्रत्येक उत्तर "भावा" ने सुरू होत असेल, तर त्या पाच जणी गप्पच राहतात.

आता टाळायचे शब्द. "सोपं आहे", "फक्त एवढं करायचं", "यात काय अवघड आहे" हे तुम्ही धीर द्यायला लिहिता. पण त्याला ते अवघड गेलं म्हणूनच तो इथे आलाय. त्याच्या कानाला "तुला सोपंसुद्धा जमलं नाही" असं ऐकू येतं. "अरे, गिट (कोडमधले बदल जपून ठेवायचं साधन) माहीत नाही?" हे त्याहून वाईट. न्यूयॉर्कमध्ये रिकर्स सेंटर नावाची प्रोग्रामर मंडळींची शिकायची जागा आहे. तिथे मोजकेच सामाजिक नियम आहेत आणि त्यातला एक नेमका हाच: कोणाला काही माहीत नसेल तर खोटं आश्चर्य दाखवायचं नाही. दुसरा नियमही आपल्याकडे चिकटवावा असा आहे. मुद्द्याला काही फरक पडत नसताना "खरं म्हणजे तसं नाही" म्हणत किरकोळ दुरुस्ती करायची नाही. नवखा पाथ कसा लावायचा विचारतोय आणि कोणीतरी त्याला "पायथन ही भाषा आहे, तुम्ही म्हणताय तो इंटरप्रिटर" असं समजावतोय, हे दृश्य तुम्ही बघितलं असेलच.

तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर

हा त्रास खरा आहे. तुम्ही मागच्या महिन्यात हेच उत्तर लिहिलं होतं, तेही सविस्तर. पण तो मागच्या महिन्यात ग्रुपवर नव्हता.

इंटरनेटवर ही कुरकुर फार जुनी. १९८० मध्ये सुरू झालेल्या यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांतल्या नव्या विद्यार्थ्यांची लाट यायची. काही आठवड्यांत ती मंडळी तिथल्या रीतीभाती शिकायची आणि गोंधळ निवळायचा. पुढे व्यावसायिक सेवांनी सर्वसामान्यांना दार उघडलं आणि नव्यांचा ओघ थांबेनाच. तेव्हा जुने लोक म्हणू लागले, १९९३ चा सप्टेंबर संपलाच नाही. आपला सप्टेंबर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, प्रवेश झाले की. तो येणार हे ठाऊक असतं, मग तयारी जूनमध्येच करून ठेवा: नेहमीच्या दहा प्रश्नांची उत्तरं एका फाइलमध्ये, मराठीत.

उत्तर म्हणून लिंक द्यायला काहीच हरकत नाही. नुसती लिंक टाकू नका, एवढंच. सात रस्त्यावर उभं राहून कोणी सिद्धेश्वर मंदिराची वाट विचारली, तर आपण त्याच्या हातात शहराचा नकाशा ठेवून निघून जात नाही. लिंकबरोबर एक ओळ लिहा: "यातलं 'विंडोज' हे शीर्षक बघा, तिसरं चित्र तुमच्या अडचणीचं आहे. तिथपर्यंत करून अडलं तर इथेच सांगा." शिवाय तुम्ही ते शोधताना कोणते शब्द वापरलेत तेही लिहा. "गूगल कर" मध्ये नेमकं हेच राहून जातं. कोणते शब्द टाकून शोधायचं हे त्याला माहीत असतं, तर त्याने केव्हाच शोधलं असतं.

मोठ्या जागांनाही हे धडे घ्यावे लागले. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची वेबसाइट २००८ पासून चालू आहे. एकाच प्रश्नाची पन्नास उत्तरं विखुरण्यापेक्षा आधीच्या उत्तराकडे वाट वळवावी, ही तिथली पद्धत पुढच्या वाचकासाठी उपयोगाचीच आहे. पण पहिलाच प्रश्न बंद झालेल्याला ती थोबाडीत बसल्यासारखी वाटायची. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने जाहीरपणे कबूल केलं की नवख्या प्रोग्रामरना, स्त्रियांना आणि इतर उपेक्षित गटांना ही जागा आपुलकीची वाटत नाही. त्याच वर्षी नव्या सदस्याच्या प्रश्नाजवळ 'नवीन योगदानकर्ता' अशी खूण दिसू लागली, म्हणजे उत्तर देणाऱ्याने जरा सांभाळून लिहावं. विकिपीडियावर तर नवागतांना चावू नका, अशा अर्थाचं मार्गदर्शक तत्त्वच आहे.

विचारलंय त्याचं उत्तर आधी, शंका नंतर

चादरी-टॉवेलच्या दुकानातला मुलगा विचारतो, "एक्सेलमध्ये प्रत्येक कोडची शेवटची तीन अक्षरं कशी काढून टाकायची?" अनुभवी माणसाला लगेच वास येतो, की याला हवंय काहीतरी वेगळंच. डिझाइन नंबरच्या शेवटी रंगाचा कोड जोडलेला असणार आणि त्याला तो वेगळा करायचा असणार. काही ठिकाणी तो तीन अक्षरी असेल, काही ठिकाणी चार. मग मोह होतो: "पण तुम्हाला हे करायचंच कशाला?"

हा प्रश्न योग्य आहे, पण दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत त्याने मागितलेलं द्या: लेफ्ट आणि लेन ही दोन फंक्शन एकत्र वापरून, एकूण लांबीतून तीन वजा करून. मग विचारा, "ही तीन अक्षरं रंगाची आहेत का? सगळीकडे तीनच आहेत का? कुठे चार असतील तर हे सूत्र चुकेल, मग मध्ये आडवी रेघ असेल तर तिथून तोडू." आधी काहीतरी हातात पडलं की माणूस मोकळेपणाने सांगतो. कारण आधी विचारलं, की त्याला वाटतं आपली झडती चाललीय.

"पूर्ण कोड द्या सर, उद्या सबमिशन आहे"

इथे नाही म्हणा. नम्रपणे वागायचं म्हणजे दुसऱ्याचं जर्नल लिहून द्यायचं, असं नव्हे. आयता कोड दिलात तर तोंडी परीक्षेत तोंडघशी तोच पडेल. पण नकारालाही एक दार ठेवा: "पूर्ण कोड देणार नाही. तुम्ही जेवढा लिहिलाय तेवढा पाठवा, अर्धा असला तरी चालेल. काहीच लिहिलं नसेल तर प्रोग्रामने काय काय करायचं ते मराठीत पाच ओळींत लिहा, तिथून सुरू करू." खरंच शिकायचं असलेला पाच ओळी लिहितो. बाकीचे गायब होतात, त्यांच्यावर टोमणे मारायची गरज नाही.

हल्ली अनेक प्रश्न चॅटबॉटने लिहिलेल्या कोडसकट येतात. "एआयने लिहिलाय ना?" असं विचारून पकडण्यात मजा येते, उपयोग काही होत नाही. त्याऐवजी एक ओळ दाखवून विचारा, "ही ओळ काय करते असं तुम्हाला वाटतं?" उत्तर कळलं की पुढची दिशा आपोआप कळते. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली, कारण वरवर बरोबर दिसणारी चुकीची उत्तरं ढिगाने येत होती. त्यानंतर तिथे येणाऱ्या प्रश्नांची संख्याही बरीच घसरली. त्यामागे कारणं अनेक असतील. एक मला सरळ दिसतं: चॅटबॉट चुकीचं सांगेल, पण "एवढंही येत नाही?" म्हणत नाही. आपण माणसं ते म्हणत राहिलो तर पोरं त्याच्याकडेच जाणार, आणि चुकीचं उत्तर चुकीचं आहे हे सांगायला कोणी उरणार नाही.

पासवर्ड दिसला तर

हे तातडीचं, म्हणून थोडक्यात. कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड, एखादी एपीआय की (दुसऱ्या सेवेचं दार उघडणारा गुप्त कोड), खऱ्या माणसांचे आधार क्रमांक किंवा ओटीपी दिसला तर त्या संदेशाला रिप्लाय करू नका, रिप्लायमध्ये तो मजकूर पुन्हा दिसतो. स्क्रीनशॉट घेऊन "बघा काय टाकलंय" तर मुळीच नाही. त्याला खासगीत लिहा: आधी संदेश सर्वांसाठी डिलीट करा, मग पासवर्ड बदला. दोन्ही करायचं, कारण डिलीट होईपर्यंत कोणीतरी वाचलेलं असतं. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, की गेली असेल तर फाइल पुसून भागत नाही, जुन्या इतिहासात ती राहते. की रद्दच करावी लागते. ॲडमिनलाही तो संदेश काढता येतो, विचारणारा ऑनलाइन नसेल तर त्यांना सांगा.

भाषा

ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत उत्तर द्या. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं असेल तरी नाक मुरडू नका, आणि कोणाचं इंग्रजी तर सुधारायला जाऊच नका. कोणी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये समजावू शकत असेल तर खुशाल समजावू द्या. शेवटी दोन ओळींत मराठी सार टाका, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एररचा मजकूर मात्र मूळ इंग्रजीतच ठेवा. शोधताना तोच लागतो. अर्थ मराठीत, शब्द मूळचे.

ॲडमिनचं काम

नियम थोडे ठेवा. पंधरा नियम कोणी वाचत नाही. एवढे पुरतात:

"काय करायचं होतं आणि काय झालं, दोन्ही लिहा. एरर आली असेल तर ती टाइप करा, जमलं नाही तर फोटो चालेल. पासवर्ड टाकू नका. विचारणाऱ्याची थट्टा चालणार नाही. सुटलं की कसं सुटलं ते लिहा."

पिन केलेला संदेश व्हॉट्सॲपवर फार तर ३० दिवस राहतो, म्हणून हेच ग्रुपच्या वर्णनातही टाका.

कोणी खवचट लिहिलं तर ग्रुपवर एकच ओळ: "इथे असं नको. प्रश्न बरोबर आहे, उत्तर देतो." आणि खरोखर उत्तर द्या. बाकीचं बोलणं खासगीत. ग्रुपवरच खवचटाची हजेरी घेत बसलात तर वीस संदेश भांडणाचे होतात आणि नवख्याला वाटतं, हे सगळं आपल्यामुळे झालं. खवचट लिहिणारा बहुधा ग्रुपमधला सर्वांत हुशार असतो आणि त्याला बोलायला ॲडमिन कचरतात. "त्याचं ज्ञान बघा ना" ही सबब लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, जगातही वर्षानुवर्षं चालली. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचा जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्सने आपल्या ईमेलमधले हल्ले अनुचित होते असं मान्य करून माफी मागितली, काही काळ रजा घेतली, आणि त्याच सुमारास कर्नेलने नवी आचारसंहिता स्वीकारली. तेव्हा आपल्या ग्रुपमधल्या हिंजवडीकर दादांना खासगीत दोन शब्द सांगायला संकोच नको.

चुकीचं उत्तर कोणी दिलं तर तेही सांभाळूनच दुरुस्त करा, विशेषतः ते काल-परवापर्यंत नवखा असलेल्याने दिलं असेल तेव्हा. "हे जुन्या व्हर्जनला चालायचं, आता असं करावं लागतं" एवढं पुरतं, खरं असेल तर. पायथन २ मध्ये प्रिंट ही आज्ञा कंसाशिवाय चालायची. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण जुन्या नोट्सच्या झेरॉक्स अजून हातोहात फिरतात. त्या नोट्समधून शिकलेल्याची यात काय चूक?

सुटलं की, आणि सुटलं नाही की

सुटलं की त्याला एक काम द्या: कसं सुटलं ते त्याच्याच शब्दांत ग्रुपवर लिहायला सांगा. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न दुसऱ्याने विचारला तर त्याला नावानिशी हाक मारा, "तुम्ही परवा हे केलंत ना, सांगता का?" नुकतंच शिकलेला माणूस अनेकदा तुमच्यापेक्षा चांगलं समजावतो, कारण कुठे अडतं ते त्याला अजून आठवत असतं.

आणि कोणालाच येत नसेल तर तसं लिहा. सव्वाशे जणांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसताहेत आणि उत्तर नाही, हे नवख्याला टोमण्याइतकंच लागतं. त्याला वाटतं आपला प्रश्नच मूर्खपणाचा होता. एक दिवस वाट बघून कोणीतरी लिहावं: "मला माहीत नाही, पण प्रश्न चांगला आहे. यासाठी पीएचपी या भाषेच्या ग्रुपवर विचारा, तिथे कदाचित कळेल. उत्तर मिळालं तर इथेही सांगा, मलाही हवंय."